आधी म्हशीची जागा ठरवा, मग आराखडा लिहा

प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्या ताई शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगेच्या बेचक्यातल्या एका गावच्या ग्रामपंचायत सदस्य आहेत. गावाचा ‘हवामान बदल अनुकूलन आराखडा’ करायचा आहे आणि हाताशी लाख-सव्वा लाख रुपये आहेत. एका संस्थेनं तीन दिवसांचं प्रशिक्षण, पाचशे झाडं आणि सौरदिवे असा प्रस्ताव दिलाय. तो घ्यावा का, की सुरुवात दुसरीकडून करावी, असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे आणि मला तोच खरा प्रश्न वाटतो: “पूर आला की दरवेळी अर्धं गाव हलतच नाही. लोकांना समजवायचं कसं?”

ताई, झाडं लावा. सौरदिवेही घ्या. पुरात लाइट जाते ती आठ-आठ दिवस येत नाही, तेव्हा देवळाच्या ओट्यावर एक दिवा जळत असला तरी माणसांना धीर येतो. पण ही आराखड्याची मागची पानं झाली. पहिल्या पानावर मी लिहीन ते एवढंच: गावात म्हशी-गायी किती, आणि पाणी आलं तर त्या कुठं बांधायच्या.

२००५ च्या पुरानंतर मी या कामात पडलो. तेव्हापासून पंचगंगेच्या काठच्या बऱ्याच गावांत बैठका घेतल्या, नकाशे काढले, मॉक ड्रिल केली. लोक का हलत नाहीत हे मला कळलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये, एका गावात बोटीत उभं राहून. घरात गुडघाभर पाणी. माळ्यावर नातवंडं बसवलेली. आजी उंबऱ्यात उभ्या, आणि मागं सोप्यात दोन म्हशी. आम्ही हात पुढं केला तर त्या म्हणाल्या, “म्हसरं दावणीला बांधून मी साळंत जाऊन आयता भात खाऊ व्हय?” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. बोटीत म्हैस मावत नाही. आणि आमच्या छान टाइप केलेल्या आराखड्यात जनावरांच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘सुरक्षित स्थळी हलवणे’. कुठल्या स्थळी, कुणी हलवायचं, तिथं त्यांनी खायचं काय, हे कुणी लिहिलंच नव्हतं.

ही बाई अडाणी नव्हती, हट्टीही नव्हती. तिचा हिशेब चोख होता. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी घरात येतं, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा येतं. दोन म्हशी गेल्या तर पुढचं वर्षभर घर चालणार कशावर? तेव्हा समजावण्याची गरज तिला नव्हती, आम्हाला होती.

दुसरं कारण म्हणजे खूण. आपल्याकडं प्रत्येक गावात पुराची एक खूण असते. देवळाची तिसरी पायरी, तालमीची चौकट, शाळेच्या भिंतीवरचा डाग. कोल्हापुरात जुनी माणसं शिवाजी पुलाकडं बघून ‘मच्छिंद्री झाली’ म्हणायची, म्हणजे पूर आता खरा पूर झाला. ही खूण म्हणजे त्या गावाचं हवामानशास्त्र असतं आणि पिढ्यानपिढ्या ते बरोबर ठरत आलं होतं. २०१९ ला नेमकं याच शास्त्रानं लोकांना फसवलं. “२००५ ला इथवर आलं होतं, त्याच्या वर येत न्हाई,” असं म्हणून लोक घरात थांबले आणि पाणी त्या खुणेच्या कितीतरी वर गेलं. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सांगलीत आयर्विन पुलाखाली इशारा ४० आणि धोका ४५, तिथं ते ५७ फुटांपर्यंत पोचलं. मग २०२१ आलं. आता लोक २०१९ ची खूण धरून बसले होते, आणि दोनच वर्षांत पंचगंगा पुन्हा ५५ फुटांच्या पलीकडं.

या दोन पुरांत एक फरक होता आणि तो तुमच्या आराखड्यात आला पाहिजे. २०१९ चं पाणी आश्लेषात आलं, चढलं आणि आठवडाभर हललंच नाही. २०२१ चं पाणी पुष्यात, ज्याला आपण म्हातारा पाऊस म्हणतो (त्याच्या आधीचा पुनर्वसूचा तो तरणा) त्यात आलं, आणि दोन-तीन दिवसांत घराघरांत शिरलं. म्हणजे एकदा थांबून राहणारा पूर आणि एकदा धावत येणारा. पहिल्यासाठी चारा, पाणी आणि औषधं जास्त लागतात. दुसऱ्यासाठी वेळ लागतो, आणि तोच तर नसतो.

हे असं का होतंय याचं शास्त्र बैठकीत दोन वाक्यांत सांगा, त्याहून जास्त नको. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून पाऊस पडतो तेव्हा ढकलून दिल्यासारखा पडतो आणि मध्ये लांबलचक उघडीप देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, असं त्यात दिसलं. अरबी समुद्राकडून येणारं बाष्प हे त्याचं एक मोठं कारण. शेतकऱ्याला हे पटवायला फार कष्ट पडत नाहीत. ‘हवामान बदल’ हा शब्द न उच्चारता नुसतं विचारा, “तरणा-म्हातारा पूर्वीसारखा लागतो का हो?” एक तास पुरत नाही. मे २०२५ चा विषय तर कुणी ना कुणी काढतंच. वळवाच्या जागी सलग पाऊस लागला, धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात करायच्या, पेरणीला घातच मिळाला नाही आणि मोसमी पाऊस मे संपायच्या आत राज्यात आला. मी बैठकीत म्हाताऱ्या बायकांना आधी बोलायला लावतो. त्यांना नक्षत्रं पाठ असतात आणि त्या पुढाऱ्यांसारख्या घसरत नाहीत.

आता कामाचं बोलू. पहिलं काम खुणा बदलायचं.

रोज पावसाळ्यात आपल्या मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी, किती बंधारे पाण्याखाली, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, असं सगळं येतं. लोक ते पुढं पाठवतात आणि झोपतात. कारण ‘४१ फूट ६ इंच’ म्हणजे माझ्या घराला काय, हे कुणी सांगत नाही. तुम्ही ते भाषांतर करा. गावातले दहा-बारा जण घ्या. त्यात मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, शेती असणारा, नदीवर मोटर असणारा, दूध संस्थेचा माणूस आणि नदीकाठच्या वस्तीतल्या दोन बायका असल्याच पाहिजेत. मागच्या चार-पाच पुरांच्या आठवणी आणि त्या दिवसाची पातळी समोरासमोर मांडा. अमुक फुटाला मळीत पाणी, अमुकला स्मशानशेड, अमुकला ओढ्यावरचा पूल बंद, अमुकला खालची आळी, अमुकला शाळा. दोन संध्याकाळी लागतात. यातून जी शिडी तयार होते ती तुमच्या गावाची स्वतःची असते. शेजारच्या गावाला ती लागू पडत नाही.

तुमच्या गावाची अडचण अशी की एक शिडी पुरणार नाही. कोल्हापूरच्या वरच्या गावांचं बरं असतं, भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारीचं पाणी चिखलीच्या प्रयागाला एकत्र येतं, राजारामला मोजलं की झालं. नृसिंहवाडीच्या आसपास मात्र कृष्णा कोयनेचं आणि वारणेचं पाणी घेऊन येते, आणि ती भरून वाहत असेल तर पंचगंगेला उतरायला जागाच राहत नाही. मग फुगवटा. राजारामची पातळी इंचाइंचानं उतरत असते आणि तुमच्या गल्लीत पाणी अजून चढत असतं. ‘कोल्हापुरात उतरलं’ असं ऐकून परत फिरलेली आणि नव्यानं अडकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. म्हणून तुमच्या फळ्यावर तीन आकडे रोज लिहिले गेले पाहिजेत: राजाराम, आयर्विन आणि तुमच्या स्वतःच्या घाटाची किंवा पुलाची पट्टी. पहिल्या दोन आकड्यांवरून पुढं काय येणार ते कळतं, तिसरा आत्ता काय आहे ते सांगतो. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की ती चौथ्या ओळीत.

राधानगरीबद्दल एक बारीक गोष्ट, कारण अफवा तिथूनच सुरू होतात. शाहू महाराजांच्या त्या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, पातळी खाली आली की मिटतात. ‘रात्री गुपचूप दरवाजे उघडले’ हे दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. रात्री उघडतात हे खरं, पण त्यात गुपित काही नसतं. खरी शिकवण अशी की धरण काठोकाठ असताना वरती राधानगरी-गगनबावड्यात जोराचा पाऊस सुरू झाला, तर कुणाच्या निर्णयाची वाट न बघता आपण हलायला सुरुवात करायची.

आता माझीच एक फजिती सांगतो. एका गावात आम्ही सुंदर काम केलं होतं. आपत्ती समिती, गरोदर बायकांची यादी, आजारी म्हाताऱ्यांची यादी, पोहणाऱ्या पोरांची यादी, शिट्ट्या, दोर, लाइफ जॅकेट. सगळं ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलं. पूर आला तेव्हा गावात सगळ्यात आधी पाण्यात गेलेली सार्वजनिक इमारत ग्रामपंचायतीची होती. किल्ली ज्याच्याकडं होती तो पाहुण्यांकडं. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर यादीचा लगदा आणि शिट्ट्या गंजलेल्या. तेव्हापासून मी कुठल्याही गावात आधी विचारतो, सामान ठेवायची जागा कुठल्या पातळीला बुडते? आणि याद्या कपाटात ठेवत नाही. आळीतल्या एका घरानं शेजारच्या चार घरांची जबाबदारी घ्यायची, कोण कुणाला उचलणार हे तोंडपाठ. यादी कागदावर हवीच असेल तर तिची प्रत आशाताईंकडं आणि दूध संस्थेच्या सचिवाकडं. या दोघांना घरोघरची खबर असते.

आता म्हशींकडं येऊ.

जागा आधी ठरवा. गावाजवळ उंचावर असलेलं गायरान, एखाद्याचा माळ, कारखान्याचं किंवा बाजार समितीचं पटांगण. कुणाचीही जागा असो, मे महिन्यात तोंडी बोलून ठेवा आणि जमलं तर ग्रामसभेच्या ठरावात घ्या. तुमच्या बेचक्यात उंच जागाच नसेल तर वरच्या अंगाच्या एखाद्या गावाशी जोडी लावा. पाहुणचाराची ही पद्धत आपल्यात जुनीच आहे. पुराच्या वेळी जनावरं नात्यातल्या गावी नेऊन बांधणारे लोक प्रत्येक गावात सापडतील. तुम्ही फक्त ते सगळ्यांसाठी करायचं, ज्यांचे पाहुणे उंचावर राहत नाहीत त्यांच्यासाठीही.

मग चारा. पुरात हिरवी वैरण पाण्याखाली असते, कडबा भिजलेला असतो आणि मदतीचा चारा येतो तेव्हा निम्मी जनावरं खंगलेली असतात. यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे मुरघास. हिवाळी-उन्हाळी मका चिकात असताना कापायचा, कुट्टी करून बॅगेत दाबून भरायचा, हवा राहू द्यायची नाही. सहा-सात आठवड्यांत तो तयार होतो आणि बॅग फुटली नाही तर पुढं बरेच महिने टिकतो. एका म्हशीला दिवसाला १५-२० किलो धरले तर दहा दिवसांना दीड-दोन क्विंटल. म्हणजे टनाच्या एका बॅगेत पाच-सहा जनावरांचे दहा दिवस निघतात. बचत गटांना हे काम द्या. पूर आला नाही तर मुरघास वाया जात नाही, उन्हाळ्याच्या टंचाईत विकला जातो. ज्या उपायाचा पूर न येणाऱ्या वर्षीही उपयोग होतो, तोच गावात टिकतो असा माझा अनुभव आहे. बाकीची उपकरणं दुसऱ्या वर्षी लग्नाच्या मांडवात सापडतात.

घटसर्प आणि फऱ्याच्या लसी पावसाळ्याआधी टोचून घ्या, पशुवैद्यकीय दवाखान्याला तारीख मागा. छावणीवर रात्री राखणीला दोघे जण लागतात, कारण चोरीची भीती खरी असते. आणि दूध संस्थेला सांगा, छावणीवरच दूध घ्यायची सोय करा. संकलन चालू राहिलं की माणसं म्हशींबरोबर येतात, आणि बायका-मुलं त्यांच्या मागोमाग. कुणालाच ‘समजवावं’ लागत नाही.

जनावरांना फार जागा दिली असं वाटेल. पण ही एक गाठ सुटली की स्थलांतराच्या निम्म्या गाठी आपोआप सुटतात. उरलेल्यांत निवारा शाळेतले संडास ही सगळ्यात मोठी. बायका घर सोडायला कचरतात त्याचं हे कारण पुरुषांच्या बैठकीत कुणी बोलत नाही. वयात आलेल्या मुली, नुकत्याच बाळंत झालेल्या सुना, यांच्यासाठी बंद होणारं दार आणि आत दिवा एवढं तरी हवं. तुमच्या सौरदिव्यांतले दोन तिथं लावा.

कागद. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले, सगळं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि फोटो मोबाईलमध्ये. हे सगळ्यांना माहीत असतं. पण भाड्यानं राहणारे, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं करणारे आणि गावठाणाबाहेर झोपडीत राहणारे यांच्याकडं दाखवायला कागदच नसतो. पंचनामा घराच्या आणि सातबाऱ्याच्या नावानं होतो, आणि पिकाच्या मदतीला ३३ टक्क्यांवर नुकसान लागतं. वाटेकऱ्याचं बियाणं गेलं, खत गेलं, मजुरी गेली, पण नाव मालकाचं. पूर यायच्या आधी ग्रामपंचायतीनं कोण कुठं राहतो आणि कोण कुणाची जमीन करतो याची साधी नोंद ठेवली तर निदान तोंडी लढायला आधार मिळतो. मालक लोक याला विरोध करतात, कारण त्यांना कुळकायद्याची भीती वाटते. म्हणून ‘पूर नोंद’ म्हणा, आणि कुळाचा शब्द वहीत येऊ देऊ नका.

आता ऊस. शिरोळमध्ये उसाशिवाय अनुकूलनाची गोष्ट म्हणजे मीठ न घातलेली आमटी. बाहेरून येणारे तज्ज्ञ आल्या आल्या ‘ऊस सोडा’ म्हणतात आणि तिथंच बैठक संपते. मला ते पटत नाही आणि व्यवहारातही बसत नाही. उसाइतकं पाण्यात उभं राहणारं दुसरं नगदी पीक आपल्याकडं नाही, आणि दर कमी-जास्त झाला तरी खरेदीची खात्री आहे. अडचण अशी की उसाचा शेंडा पाण्याखाली गेला आणि गढूळ पाणी आठवडाभर वर राहिलं तर पोंगा, म्हणजे शेंड्याचा कोवळा गाभा, कुजतो. मग वाढ थांबते, कांडीला पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. कमरेएवढं वाहतं पाणी मात्र उंच ऊस सोसतो. म्हणजे पूर येतो त्या वेळी ऊस किती उंच आहे, यावर सगळं अवलंबून.

इथं लागणीचा हंगाम महत्त्वाचा ठरतो. जुलै-ऑगस्टमध्ये मळीत आडसाली लावली की नेमक्या पुराच्या दिवसांत ती वीतभर असते. पाणी चढलं की डोळे कुजतात, सरी गाळानं भरते, सगळं पुन्हा. तीच लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पूर्वहंगामी केली तर पुढच्या ऑगस्टपर्यंत ऊस नऊ-दहा महिन्यांचा, डोक्याच्या वर गेलेला असतो. पुराच्या पट्ट्यात आडसाली लावू नका एवढा एकच बदल मी आग्रहानं सांगतो. लोकांचं म्हणणं असतं, आडसालीचं टनेज जास्त. खरं आहे. पण दहा वर्षांत दोन-तीनदा ती बुडत असेल तर टनेजची सरासरी काढून बघा. ही सरासरी तुमच्या गावातल्या दहा शेतकऱ्यांच्या कारखान्याच्या बिलांवरून काढा, माझ्या बोलण्यावर जाऊ नका. आणि ऊस पीक विम्यात बसत नाही, हेही त्याच बैठकीत सांगा. बऱ्याच जणांना विमा आहे असं वाटत असतं.

दुसरं दुखणं क्षारपडीचं. पुरात बुडणारी जमीन आणि मीठ फुटलेली जमीन यांचा नकाशा शिरोळमध्ये बऱ्याच ठिकाणी एकावर एक बसतो. उन्हाळ्यात पाट भरून पाणी, पावसाळ्यात साठलेलं पाणी आणि निचऱ्याचे चर मुजवून बांधापर्यंत लावलेला ऊस. शिरोळच्या दत्त कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून क्षारपड सुधारण्याचं मोठं काम या भागात झालंय, ते जाऊन बघा. आणि त्यातला माणसांचा भाग बघा. पाइपचं तंत्र सोपं आहे. अवघड आहे ते वरच्या शेतकऱ्याचं पाणी खालच्याच्या रानातून नदीपर्यंत न्यायला सगळ्यांची संमती मिळवणं. एक जण अडला की सगळी ओळ अडते. ओढ्यांचं तेच. आपले निम्मे ओढे सातबाऱ्यावर आहेत आणि रानात नाहीत.

यातून भरावाचा विषय निघतो, तुमच्या बैठकीतही निघेल. पुलांच्या जोडरस्त्यांचे मातीचे भराव पुराच्या पाण्याला बांधासारखे आडवे येतात, म्हणून कमानींचे किंवा खांबांवरचे पूल करा, ही मागणी आपल्याकडं जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडून २०१९ ला कोल्हापूरचा रस्ता किती दिवस तुटला होता ते सगळ्यांना आठवतं. पण हे काम ग्रामपंचायतीच्या हातातलं नाही. ठराव करा, पाठवा, आणि बैठकीचा वेळ त्यावर घालवू नका. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचंही तसंच. उंची वाढवायला विरोध करायचा तर करा. २०१९ नंतर राज्यानं नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचं खापर थेट अलमट्टीवर फोडलं नव्हतं, ते शिरोळमध्ये कित्येकांना आजही मान्य नाही, वाद चालू राहील. मी एवढंच बघतो की ज्या बैठकीत अलमट्टी निघते त्या बैठकीत म्हशींचा विषय राहून जातो. दुसऱ्याच्या धरणावर बोलणं सोपं असतं, आपल्या ओढ्यावर बोललं की भावकी उठते.

पुनर्वसनाबद्दल मी सावध आहे. चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला प्लॉट मिळाले, तरी गाव नदीकाठीच राहिलं आणि पुरात सोनतळीला जाऊन पुन्हा खाली यायचं, अशी ये-जा चालू राहिली. लोकांना दोष देऊ नका. शेत खाली, म्हशी खाली, देव खाली, आणि वरच्या प्लॉटवर वाढलेल्या कुटुंबाला जागा अपुरी. यातून माझा निष्कर्ष असा की वर दुसरं घर असणं हीच मोठी गोष्ट आहे. ते कायमचं नसलं तरी चालेल. पावसाळ्याचे दोन महिने म्हातारी माणसं, मुलं आणि धान्याची पोती वर गेली तरी पुराचं निम्मं भय संपतं. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, नवीन बांधकामाला ग्रामपंचायतीनं होकार देऊ नये. हा नियम शहरानं पाळला असता तर आज नदीकडच्या वसाहतींतले तळमजले दर पुरात रिकामे करावे लागले नसते. तुम्ही पाळा.

पाणी उतरल्यावरचे पंधरा दिवस आराखड्यात बहुधा नसतात. विहिरी-टाक्या टीसीएलनं, म्हणजे ब्लीचिंग पावडरीनं, शुद्ध केल्याशिवाय नळ सोडायचा नाही. चिखलात काम करणाऱ्यांना ताप आला की लगेच आरोग्य केंद्र, कारण लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच घ्यायच्या. साप निघतात. भिंती वाळल्याशिवाय मीटर चालू करायचा नाही. एवढं पुरे.

उन्हाळा मात्र विसरू नका. याच जिल्ह्यात गगनबावड्याला धो-धो पाऊस आणि शिरोळला त्याच्या दशांशाएवढा, म्हणजे तुमचं गाव पुरात बुडतं ते बहुतेक दुसऱ्यांच्या पावसानं. स्वतःचा पाऊस कमीच. एप्रिल-मेमध्ये बंधाऱ्यातलं पाणी हिरवं होतं, आणि बरगे, म्हणजे बंधाऱ्यातल्या पाणी अडवायच्या फळ्या, काढायच्या आधीच नदीला पाणी आलं तर पाटबंधारेवाल्यांची धावपळ उडते. ऊसतोडीच्या टोळ्या, वीटभट्टीवरची माणसं, फाउंड्रीत जाणारी तुमच्याच गावची पोरं, यांना दुपारी सावली आणि पाणी कुठं मिळतं ते एकदा फिरून बघा. झाडं तिथं लावा. पाचशे नकोत, पन्नास लावा आणि जगवा. नदीकाठाला वाळुंज, करंज, उंबर, आणि तोडणीवाल्यांच्या पालांजवळ लिंब.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर त्या संस्थेला नाही म्हणू नका, पण तीन सलग दिवस नको. एक संध्याकाळ एप्रिलमध्ये, एक मेअखेरीला आणि एक सप्टेंबरमध्ये, पावसाळा मावळत आल्यावर, काय चुकलं ते बोलायला. तिसरी संध्याकाळ सहसा कुणी देत नाही, ती मागून घ्या. आणि मॉक ड्रिल रविवारी सकाळी फोटोला करू नका. मंगळवारी रात्री दोन वाजता करा. किती फोन उचलले जातात, कुलूप कोण उघडतो, खालच्या आळीतल्या आजींना कोण उचलतो, तेवढ्यात सगळं कळतं. लोक शिव्या देतील. आम्हाला दिल्या होत्या.

लाख-सव्वा लाखाचं मी असं करीन: मोठा भाग मुरघासाच्या बॅगा आणि कुट्टी यंत्राच्या दुरुस्तीला, थोडा दोन सौरदिव्यांना आणि संडासाच्या दारांना, थोडा टीसीएल, दोर, जॅकेटांना. उरलेल्या पैशात खुणा. शाळेची भिंत, देवळाचा ओटा, दूध संस्थेची पायरी, पुलाचा कठडा, सगळीकडं तुमच्या शिडीचे आकडे लिहून घ्या. २००५, २०१९ आणि २०२१ च्या रेघा तीन रंगांत काढा, आणि सगळ्यात वरच्या रेघेच्या वर हातभर जागा सोडून एक चौथी रेघ नुसती रिकामी ठेवा. रंग ऑइल पेंटच घ्या, डिस्टेंपर पहिल्याच पाण्यात धुऊन जातो.